ऑगस्ट महिना काउंटी क्रिकेटला परत द्या

इंग्लंडच्या काउंटी चॅम्पियनशिपचा, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) टीममधल्या चार दिवसांच्या मॅचेसच्या स्पर्धेचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पण बघायला येतं कोण?" मोबाईलवर एखादी क्लिप फिरत असते, मागे रिकाम्या खुर्च्या, चारदोन म्हातारी माणसं कोट-टोपी घालून बसलेली, आणि झालं, तेवढ्यावर लोकांचं मत तयार. मला हे वाक्य आता ऐकवत नाही. मी त्याच खुर्च्यांमध्ये बसते, सॉमरसेट काउंटीच्या टॉन्टनच्या मैदानावर, त्या क्लबची मेंबर आहे, आणि त्या खुर्च्या रिकाम्या का राहतात हे रोज डोळ्यांनी बघते. लोकांना चार दिवसांचं क्रिकेट नको झालंय असं अजिबात नाही. ज्या दिवसांत लोकांना मैदानावर येणं जमतं नेमके तेच दिवस या स्पर्धेकडून काढून घेतलेत, आणि मग गर्दी नाही म्हणून तिलाच दोष देतात.

आधी वेळापत्रक बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. १८ काउंट्या, दोन डिव्हिजन, वरच्यात १० टीम आणि खालच्यात ८, प्रत्येकीच्या १४ मॅचेस आणि प्रत्येक मॅच चार दिवसांची. २०२५ चा सीझन ४ एप्रिलला सुरू झाला. साधारण निम्म्या मॅचेस एप्रिल-मेमध्ये उरकल्या, मग जूनमध्ये थोड्या, जुलैच्या शेवटी दोन, आणि बाकीच्या सप्टेंबरमध्ये. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि त्या उघडतात सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे जेमतेम सहा आठवडे, आणि इंग्लंडमध्ये अंगावर स्वेटर न घालता दिवसभर बाहेर बसता येतं ते प्रामुख्याने याच सहा आठवड्यांत. त्यातला ऑगस्ट जवळजवळ पूर्ण बंद. ऑगस्टच्या पहिल्या तारखेनंतर थेट ८ सप्टेंबरपर्यंत चॅम्पियनशिपचा एक बॉल पडला नाही. जुलैच्या शेवटी ते दोन राउंड (एका वेळी होणाऱ्या मॅचेस) ठेवले हे चांगलंच केलं, पण ते मंगळवार ते शुक्रवार, म्हणजे पोरांना सुट्टी आणि आईबाप ऑफिसमध्ये.

हे पूर्वीपासून असं नव्हतं हो. केंटची कँटरबरी वीक १८४२ पासूनची, ती परंपरेने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली. स्कारबरोचा फेस्टिव्हल १८७६ पासूनचा, समुद्रकिनाऱ्याच्या गावात, उन्हाळ्याच्या शेवटी, लोक सुट्टीला आलेले असायचे आणि त्यातच दोन दिवस क्रिकेट बघायचे. म्हणजे ज्यांनी ही स्पर्धा उभी केली त्यांना साधं कळत होतं की माणसं मोकळी कधी असतात. २०२१ पासून ऑगस्ट 'द हंड्रेड'ला दिला, आठ शहरांच्या टीम आणि शंभर बॉलची इनिंग, आणि त्याच्या जोडीला काउंट्यांचा वन-डे कप, ज्यात हंड्रेडला गेलेले प्लेयर नसतात.

आता जे कधीच गेले नाहीत त्यांना काउंटीच्या मैदानावरचा दिवस कसा असतो ते सांगते, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो अनुभवलेलाच नसतो. खेळ सुरू होतो अकरा वाजता. लोक साडेदहापासून येतात, कुलबॉक्स, थर्मास, सँडविच, वर्तमानपत्र, एप्रिल असेल तर मांडीवर टाकायला ब्लँकेट. बाहेरचं खाणं आत न्यायला कोणी अडवत नाही, मी पोळीचे रोल आणि चहाचा थर्मास नेते. टॉन्टनला सेंट जेम्स चर्चचा टॉवर मैदानाला लागूनच दिसतो, हवा स्वच्छ असली तर लांब क्वान्टॉकच्या टेकड्या, आणि एका अंगाला टोन नदी, जिच्यात सॉमरसेटच्या इयन बोथमचे सिक्सर जायचे. दिवसाला ९६ ओव्हर. मधे चाळीस मिनिटांचं लंच, वीस मिनिटांचा टी. लंचला बऱ्याच काउंट्या लोकांना आउटफिल्डवर जाऊ देतात, मोठी माणसं पिचच्या दोरीपर्यंत चालत जाऊन वाकून बघतात, कुठे गवत आहे, कुठे बोलरच्या बुटांनी खड्डा पडलाय, आणि पोरं टेनिस बॉल काढून सुरू करतात. ज्या गवतावर वीस मिनिटांपूर्वी इंग्लंडचा टेस्ट प्लेयर डाइव्ह मारत होता त्याच गवतावर आठ वर्षांची मुलगी बॉलिंग टाकते. हे दुसऱ्या कुठल्या प्रोफेशनल खेळात बघायला मिळतं ते मला सांगा. पण त्यासाठी मुलं मैदानात हवीत ना, आणि मुलं मे महिन्यातल्या सोमवारी शाळेत असतात.

माझ्या शेजारच्या सीटवर एक बाई असतात, सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेल्यापासून एकट्याच येतात. मांडीवर स्कोअरबुक, प्रत्येक बोलरला वेगळ्या रंगाचं पेन, निळा, हिरवा, लाल, जांभळा. आधी मला वाटायचं हा छंद आहे. मग एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, बघ, कीपर अर्धं पाऊल पुढे आलाय आणि मिडविकेट थोडा मागे गेलाय, आता हा बोलर स्लोअर टाकणार, आणि पुढच्या ओव्हरला त्याने टाकला, बॅट्समनने तो थेट मिडविकेटच्या हातात दिला. त्यांनी जांभळ्या पेनने विकेट लिहिली आणि फ्लास्कमधला चहा ओतायला घेतला. मला क्रिकेट कळतं असं मी लहानपणापासून समजत होते, पण एका बोलरने एका बॅट्समनला दीड तास कसं हळूहळू कोपऱ्यात नेलं हे बघायची सवय मला त्या बाईंनी लावली. असं बघणं टीव्हीवर होत नाही, कारण टीव्ही फक्त बॉल दाखवतो, आणि खेळाचा निम्मा भाग बॉल नसतो तिथे चालू असतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्लबच्या मॅचेस बघणाऱ्या माणसांना हे मी सांगायची गरज नाही.

आणि एकटेपणाबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते इथल्या क्रिकेटच्या कोणत्याच रिव्ह्यूत येत नाही. या देशात म्हातारपणी माणूस फार एकटा पडतो. दिवसभर माणसांत बसता येईल, बोलायचं असेल तर बोला नाहीतर गप्प बसा, दर अर्ध्या तासाला काही विकत घ्यायची सक्ती नाही, अशा जागा किती राहिल्यात? काउंटी ग्राउंड त्यातली एक आहे. जे "चारदोन म्हातारी माणसं" म्हणून हिणवतात त्यांना मला विचारायचंय, म्हातारी माणसं म्हणजे प्रेक्षक नाहीत का? त्यांच्या शेजारी पोरं बसली पाहिजेत हे अगदी खरं, पण पोरांना आणायची सोय करा, म्हाताऱ्यांना मोजणं बंद करू नका.

बरं, लोक येतच नाहीत हे तरी खरं आहे का? सप्टेंबर २०२४, टॉन्टन, सॉमरसेट विरुद्ध सरे. सरे म्हणजे लागोपाठ दोन वर्षांचे चॅम्पियन, यादीत पहिले, आमचं सॉमरसेट दुसरं. चौथ्या दिवशी सरेला २२१ हवे होते, तीन बाद ९५ झाले होते, मॅच ड्रॉ होणार असं सगळ्यांनी धरलेलं. आणि मग जॅक लीच आणि एकोणीस वर्षांच्याही आतला आर्ची वॉन या दोन स्पिनरनी शेवटच्या सात विकेट १४ रनांत काढल्या. सरे १०९ ऑल आउट, वेळ संपायला काही मिनिटं उरलेली, आणि शेवटच्या विकेटला सगळेच्या सगळे फिल्डर बॅटभोवती गोळा झालेले, तो फोटो नंतर जगभर फिरला. टॉम बँटनने त्या मॅचमध्ये पहिल्या इनिंगला शतक केलं होतं आणि दुसऱ्या इनिंगला पाय दुखावलेला असताना लंगडत खेळला होता. टी-ट्वेंटीने असा दिवस देऊन दाखवावा. पण हा दिवस होता गुरुवार, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, शाळा सुरू, ऑफिसं सुरू. हीच मॅच ऑगस्टमधल्या रविवारी संपली असती तर टॉन्टनला उभं राहायला जागा मिळाली नसती. (सॉमरसेटने चॅम्पियनशिप आजपर्यंत एकदाही जिंकलेली नाही, त्या वर्षीही शेवटी सरेच जिंकले, तरी त्या गुरुवारी तिथे असलेला कोणीही माणूस तो दिवस विसरणार नाही.)

आणि जे मैदानावर येऊ शकत नाहीत तेही बघतात. प्रत्येक मॅचची बीबीसीच्या लोकल रेडिओवर कॉमेंट्री असते, बहुतेक काउंट्या स्ट्रीम फुकट दाखवतात. २०२२ मध्ये पुजारा ससेक्सकडून डबल सेंच्युरीवर डबल सेंच्युरी मारत होता तेव्हा पुण्या-मुंबईतले माझे नातेवाईक ऑफिसमध्ये एका विंडोत होव्हचं, म्हणजे ससेक्सच्या मैदानाचं, स्ट्रीम लावून बसायचे. या सगळ्यांना गिनतीत न धरता फक्त मंगळवारच्या खुर्च्या मोजायच्या, हा कुठला हिशोब?

मराठी वाचकांनी यात का पडावं असं कोणी विचारेल. एकतर आपलं या क्रिकेटशी जुनं नातं आहे. गावसकर १९८० ला याच टॉन्टनला सॉमरसेटकडून खेळून गेले. फारुख इंजिनियर लँकशरसाठी वर्षानुवर्षं कीपिंग करत होते. १९९२ ला एकोणीस वर्षांचा सचिन यॉर्कशरचा पहिला परदेशी प्लेयर झाला, जो क्लब तोवर बाहेरचा माणूस सहसा घेतच नव्हता. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो श्रीरामपूरचा झहीर खान. २००६ ला तो इंडियाच्या टीममधून बाहेर होता, वूस्टरशरला गेला, आणि एक पूर्ण उन्हाळा खेळला. पाटा पिच, ओलं पिच, थंडी, ऊन, आठवड्याला एका नव्या गावात, ७८ विकेट. पुढच्याच वर्षी इंडिया इंग्लंडला आली, नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजच्या टेस्टला त्याने नऊ विकेट काढल्या, आपण सिरीज १-० ने जिंकलो आणि तो इंडियाचा मॅन ऑफ द सिरीज ठरला. एका उन्हाळ्यात त्याला जे शिकायला मिळालं ते दोन-तीन मॅचेसच्या कराराने मिळत नाही. आज परदेशी प्लेयर तीन-चार मॅचेससाठी येतो, बॅग उघडेपर्यंत जातो. २०२५ ला आपला ऋतुराज गायकवाड यॉर्कशरला येणार होता, स्कारबरोच्या मॅचपासून सुरुवात होणार होती, वैयक्तिक कारणामुळे आला नाही. तो आला असता तरी ऑगस्टमध्ये त्याला चार दिवसांची मॅच मिळाली नसती.

दुसरं म्हणजे हे पैसे आता आपल्याकडचेही आहेत. २०२५ मध्ये इंग्लंडच्या बोर्डाने हंड्रेडच्या आठही टीममधले हिस्से विकले, मिळून सुमारे ५२ कोटी पाउंड उभे राहिले. मुंबई इंडियन्सच्या मालकांनी लंडनमधल्या ओव्हलच्या टीमचे ४९ टक्के घेतले, बाकी आयपीएलवालेही आहेत. हे पैसे काउंट्यांना वाटले जाणार, कर्जं फिटणार, हे मी नाकारत नाही, बऱ्याच काउंट्या खरंच अडचणीत होत्या. हंड्रेडने बायकांचं क्रिकेट त्याच मैदानावर, त्याच दिवशी, त्याच तिकिटात लोकांसमोर आणलं आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींनी बॅट हातात घेतली ती त्यामुळेच, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याने एवढी मोठी किंमत मोजलीय तो उद्या ऑगस्टची एक तारीखही सोडणार नाही, उलट अजून मागेल. म्हणून आत्ता बोलायला हवं.

खेळणाऱ्यांचा मुद्दा मात्र मला जड जातो आणि तो मी टाळणार नाही. प्लेयर म्हणतात वेळापत्रक अमानुष झालंय, आज इथे चार दिवस फिल्डिंग, रात्री बसने दुसऱ्या गावी, परवा टी-ट्वेंटी. हे खरं आहे, एखादा फास्ट बोलर मेमध्येच लंगडायला लागलेला मी स्वतः बघते. पण एका उन्हाळ्यात चार स्पर्धा कोणी कोंबल्या? चॅम्पियनशिप १८९० पासून आहे. चौथी स्पर्धा आली २०२१ ला. थकवा आला की प्रत्येक वेळी कात्री मात्र चॅम्पियनशिपवरच का? २०२२ ला इंग्लंडचा माजी कॅप्टन अँड्र्यू स्ट्रॉसच्या रिव्ह्यूने १० मॅचेस करा म्हटलं, काउंट्यांनी ते मानलं नाही. २०२५ ला परत तीच चर्चा झाली, परत १४ वर टिकलं. टिकलं कारण १८ पैकी १५ काउंट्या अजून मेंबरांच्या मालकीच्या आहेत, मतदान होतं, कमिटीला लोकांना तोंड द्यावं लागतं. जांभळ्या पेनवाल्या बाईंना तिथे एक मत आहे, आणि ते कुठल्याही कंपनीच्या शेअरएवढंच मोजलं जातं.

थंड महिन्यांत खेळवण्याचं नुकसान फक्त प्रेक्षकांचं नाही हे पण सांगते. एप्रिलमध्ये पिच हिरवं, बॉल ओला, मग ताशी एकशे वीसच्या वेगाने सीम करणारा मध्यमगती बोलर राजा होतो आणि स्पिनर दिवसभर थर्ड मॅनला हात चोळत उभा. अपवाद असतात, याच टॉन्टनला २०२५ च्या पहिल्याच मॅचला एप्रिलमध्ये बँटनने ३७१ मारले. पण एकंदर चित्र तेच. पिच सुकून वळायला लागतं ते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा मॅचच नाही. २०२४ ला इंग्लंडने इंडियात स्पिनर शोएब बशीरला आणलं तेव्हा त्याच्या नावावर फर्स्ट क्लासच्या सगळ्या मिळून दहा विकेट होत्या. तो बिचारा पोरगा चांगला आहे, जिद्दीने टाकतो, पण स्पिनरला शिकायला जागाच ठेवली नाही तर दुसरं काय होणार. त्याच वर्षी जेकब बेथेल फर्स्ट क्लासचं एकही शतक नसताना न्यूझीलंडमध्ये तीन नंबरला टेस्ट खेळला. म्हणजे निवडणारेसुद्धा काउंटीकडे बघेनासे झालेत, आणि मग म्हणायचं काउंटीचा दर्जा घसरला.

आपल्या रणजीचंही हेच होतंय, फार लांब जात नाही, एवढंच सांगते. जानेवारी २०२५ ला दिल्लीत कोहली रणजी खेळला तर सकाळी गेटवर रेटारेटी झाली, तो सहा रनांवर बोल्ड झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. तिथे लोक खेळाला नाही, एका माणसाला बघायला आले होते. टॉन्टनमध्ये जे बसतात ते क्लबला बघायला येतात, दोन्हीकडे कोणीही स्टार नसला तरी येतात. असा प्रेक्षक पिढ्यानपिढ्या तयार होतो, जाहिरात देऊन तो विकत मिळत नाही.

मग मागणी काय? हंड्रेड बंद करा असं मी म्हणत नाही, ते आता होणार नाही. १४ च मॅचेस हव्यात असा हट्टही नाही, १२ झाल्या तरी मला चालतील, जर त्या उन्हाळाभर नीट पसरल्या तर. पण शाळेच्या सुट्टीत कमीत कमी तीन राउंड हवेतच, आणि ते शुक्रवारी सुरू व्हावेत म्हणजे शनिवार-रविवार मधे येतो. जागा नाही असं कोणी सांगू नये. हंड्रेड आठ मैदानांवर होते. टॉन्टन, होव्ह, कँटरबरी, चेम्सफर्ड, ब्रिस्टल, वूस्टर, डर्बी, लेस्टर, नॉर्दॅम्प्टन, डरहॅमचं चेस्टर-ली-स्ट्रीट, ही दहा मैदानं मोकळी आहेत, आणि ज्यांचं मैदान अडकलंय त्यांच्याकडे स्कारबरो, ब्लॅकपूलसारखी छोटी मैदानं आहेतच की, जिथे लोक डबा घेऊन हौसेने जातात. वन-डे कप एप्रिल-मेमध्ये हलवा, थंडीत सात तास बसणं चार दिवस बसण्यापेक्षा सोपं आहे. हंड्रेडला गेलेल्या प्लेयरविना चॅम्पियनशिप खेळवली तर सरेसारख्या टीमवर अन्याय होईल, हा आक्षेप खरा आहे. पण टेस्टला प्लेयर गेले म्हणून काउंट्या कायमच कमी माणसांत खेळत आल्यात, आणि त्यातूनच बाकावरच्या पोरांना संधी मिळत आलीय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने वन-डे कपमध्ये नॉर्दॅम्प्टनला सॉमरसेटविरुद्धच २४४ मारले, १५३ बॉलमध्ये, आणि मोठी नावं नाहीत म्हणून त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगते, आपल्यातले खूप जण लीड्स, बर्मिंगहॅमला टेस्टची तिकिटं भरमसाट पैसे देऊन काढतात आणि गल्लीतल्या काउंटीला पाय ठेवत नाहीत. जवळच्या काउंटीची मेंबरशिप किती आहे ते एकदा बघा, पोरांना घेऊन जा, आणि मुख्य म्हणजे वार्षिक सभेला जा, मत द्या. वर लिहिलेला शुक्रवारच्या सुरुवातीचा आणि तीन राउंडचा प्रस्ताव मी आमच्या क्लबला लेखी दिलाय. अनुमोदनाला दुसऱ्या मेंबरची सही लागते म्हणाले, ती शेजारच्या सीटवरून लगेच मिळाली.